पार्किंगमध्ये पाणी शिरलं, आता म्हणतात इंजिन कव्हर नाही. पॉलिसी नीट समजावून सांगा कुणीतरी

शाहूपुरीकर | रात्री ९:४०

नमस्कार मंडळी, बाबांच्या गाडीसाठी लिहितेय, जरा मोठं होईल पण पूर्ण वाचा. पेट्रोल हॅचबॅक, १२०० सीसी, साडेतीन वर्षांची. गेल्या आठवड्यात रात्रभर पाऊस लागला आणि पहाटे नाल्याचं पाणी आमच्या तळमजल्याच्या पार्किंगमध्ये घुसलं. २०१९ आणि २०२१ ला कोल्हापुरात पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा आम्ही आदल्या दिवशीच गाड्या उंचावर नेऊन लावल्या होत्या, राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसायची आपल्याला सवयच आहे, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका, पण हे नाल्याचं पाणी सांगून आलंच नाही. बाबा सहाला खाली गेले तर सीटच्या गादीपर्यंत पाणी. त्यांनी गाडीला हातसुद्धा लावला नाही, दुपारी पाणी उतरल्यावर टो करून सर्व्हिस सेंटरला पाठवली.

पॉलिसी फुल आहे, झिरो डेप (पार्टचा घसारा कापू नये म्हणून जास्तीचे पैसे भरून घ्यायचं कव्हर, म्हणजे अॅड-ऑन) घेतलंय. इस्टिमेट आलं १,३८,००० चं. त्यात वायरिंग आणि कंट्रोल युनिट ४१,०००, सीट-कार्पेट २३,५००, आतली साफसफाई आणि मजुरी ११,०००, स्टार्टर अल्टरनेटर १७,५००, इंजिन खोलून काम ३८,६०० आणि ऑइल कूलंट वगैरे ६,४००. सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासणारे, येऊन गेले आणि आज निरोप आला की इंजिनचे ३८,६०० आणि ऑइलचे ६,४०० मिळणार नाहीत. इंजिनसाठी कारण दिलंय 'परिणामी नुकसान'. मी दोन तास पॉलिसीचं पुस्तक वाचत बसले. एका पानावर लिहिलंय पूर कव्हर आहे, पुढच्या पानावर लिहिलंय परिणामी नुकसान कव्हर नाही. मग पुरानं इंजिन गेलं तर ते यातलं नक्की काय? बाबा रिटायर्ड आहेत हो, ४५ हजार म्हणजे थोडके नाहीत.

गिअर_पाचवा | रात्री ९:५८

इंजिन प्रोटेक्ट घेतलं नव्हतं का? ते नसलं की इंजिन गेलंच समजायचं. माझ्या मित्राचं पण असंच झालं होतं, एक रुपया दिला नाही इंजिनचा

नागाळापार्क_काका | रात्री १०:२५

गिअर_पाचवा, असं सरसकट सांगू नका, तसं नाहीये. मी जनरल इन्शुरन्समध्ये नोकरी करून निवृत्त झालोय, मोटार क्लेमचं टेबल बरीच वर्षं सांभाळलं.

ताई, पॉलिसीचा जो पहिला भाग असतो, ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानाचा, त्यात कोणत्या कारणांनी झालेलं नुकसान भरून मिळेल ते दिलेलं असतं. आग, स्फोट, वीज, चोरी, दंगल, भूकंप, पूर, वादळ, गारपीट, बाहेरून झालेला अपघात, दरड कोसळणं वगैरे. पूर त्यात आहे, त्यासाठी वेगळं अॅड-ऑन लागत नाही. मग त्याच भागात खाली लिहिलेलं असतं की परिणामी नुकसान, घसारा, झीज, यांत्रिक किंवा विजेचा बिघाड हे मिळणार नाही. ही वाक्यं एकमेकांच्या विरुद्ध वाटतात पण नाहीत. प्रश्न एवढाच असतो की हा अमुक पार्ट कशामुळे गेला. पाण्यानं थेट गेला तर पूर. पाणी आत असताना कुणी सेल मारला आणि त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकला, तर कंपनी म्हणते नुकसान सेल मारण्यानं झालं, पाणी नुसतं निमित्त. त्याला ते परिणामी नुकसान म्हणतात. इंजिन प्रोटेक्ट हे अॅड-ऑन मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी असतं.

तुमची गाडी उभी होती, चावी लावली नाही. मग इंजिन परिणामी नुकसानात कसं बसवलं हे त्यांना लेखी विचारा. आणि एक गोष्ट आधी बघा, क्लेम फॉर्ममध्ये घटनेचं वर्णन काय लिहिलंय आणि ते कुणी लिहिलंय.

शाहूपुरीकर | रात्री १०:५१

काका तुमचं वाचलं आणि लगेच बाबांकडून फॉर्मचा फोटो काढून घेतला. फॉर्म सर्व्हिस सेंटरच्या माणसानं भरलाय, बाबांनी फक्त खाली सही केलीय, चष्मा पण नव्हता म्हणे त्या वेळी. त्यात लिहिलंय, 'वाहन पाण्यात उभे होते, चालू केले असता चालू झाले नाही'. बाबा शपथेवर सांगतात की त्यांनी असं काही सांगितलं नाही. त्या माणसानं विचारलं गाडी चालू होते का, बाबा म्हणाले नाही होत, म्हणजे त्यांना म्हणायचं होतं की आम्ही केलीच नाही. आता काय करायचं?

नागाळापार्क_काका | रात्री ११:०८

हेच ते. सगळा क्लेम या एका ओळीवर अडकलाय. 'चालू केले असता' हे शब्द सर्व्हेअरनं वाचले की त्याच्या दृष्टीनं विषय संपला, कारण त्याच्याकडं तुमच्याच सहीचा कागद आहे. उद्या सकाळी पहिलं काम म्हणजे बाबांच्या सहीनं कंपनीला मेल आणि सर्व्हेअरला प्रत, की फॉर्म दुसऱ्यानं भरला, वर्णनात चूक झालीय, वाहन सुरू करण्याचा प्रयत्न कधीही केलेला नाही. त्याला जोडायचं ते म्हणजे पाण्यातल्या गाडीचे फोटो असतील तर ते मूळ फाइलसकट, टोइंगची पावती आणि पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असेल तर लगेच काढून ठेवा, ते थोड्या दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

उद्यमनगर_मिस्त्री | रात्री ११:३०

ताई टेन्शन घेऊ नका, इंजिन स्वतःच सांगतंय काय झालंय ते, फक्त खोलून बघायला पायजे. मी उद्यमनगरात काम करतो, २०१९ ला पुरातल्या गाड्या एकामागनं एक अशा आल्या होत्या की रस्त्यावर लावून ठेवाव्या लागल्या.

बघा कसं असतंय, इंजिनात पिस्टन वर येतो तेव्हा हवा दाबली जाते. हवा दाबली जाते पण पाणी दाबलं जात न्हाई. सिलेंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की पिस्टन वर येऊन पाण्यावर आदळतो आणि सगळा जोर खालच्या रॉडवर येतो, रॉड वाकतो, कधी तुटून ब्लॉकला भोक पाडतो. असा वाकलेला रॉड बाहेर काढून सपाट फरशीवर ठेवला की बारकं पोरगं पण सांगंल वाकडाय म्हणून. आणि नुसती उभी असलेली गाडी असली तर पाणी येतं मागनं, सायलेन्सरमधनं, आणि ज्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह त्या वेळी उघडा राहिलाय त्यात शिरतं. तिथं भिंतीवर गंज धरतो गोल रेषेसारखा, जिथंवर पाणी होतं तिथंवर. रॉड मात्र सरळ असतात. ही दोन इंजिनं शेजारी ठेवली तर कुणीपण ओळखंल कुठली सेल मारलेली आन कुठली न मारलेली.

म्हणून सर्व्हेअरच्या समोर खोलायला सांगा. त्याच्या माघारी खोललं तर पुन्हा वाद. आणि सीटच्या गादीपर्यंत पाणी म्हंजे ऑइल चेंबर, गिअरबॉक्स, स्टार्टर सगळं पाण्याखाली होतं, पण एअर फिल्टर बऱ्याच गाड्यांत त्याच्या वर असतो. फिल्टरचा डबा आतनं कोरडा असंल तर त्याचा पण फोटो काढून घ्या. सेल मारून पाणी ओढलेलं असतं तर तिथनं ओढलं असतं.

शाहूपुरीकर | रात्री ११:४४

दादा खूप खूप आभार. खोलायचे पैसे कोण देणार पण?

उद्यमनगर_मिस्त्री | रात्री ११:५२

क्लेम पास झाला तर मजुरी त्यात येती. नाय झाला तर तुमच्या खिशातनं. हे आधी लेखी ठरवून घ्या सर्व्हिस सेंटरशी, मग खोलू द्या. आणि एक सगळ्यांनाच सांगतो, पाण्यात उभी गाडी असली तर पाणी उतरल्यावर बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि टो करून न्या. ढकलस्टार्ट तर अजिबात नको, सेलपेक्षा वाईट.

शिरोली_फाटा | सकाळी ७:१५

चांगला धागा आहे. माझा अनुभव पण लिहितो, थोडा वेगळा आहे. मी बाहेरून सीएनजी किट बसवलं होतं, गाडी पळत होती, मायलेज पण झकास. कागलकडून येताना ट्रकनं मागून ठोकलं, डिकी आत, सिलेंडरचं स्टँड वाकलं. क्लेमला सर्व्हेअरनं आरसी मागितली, आरसीवर इंधन फक्त पेट्रोल. किटची नोंद आरटीओत नाही आणि पॉलिसीत पण नाही. किटचा एक रुपया मिळाला नाही आणि बाकीच्या क्लेमसाठी पण महिनाभर पत्रव्यवहार करावा लागला. बसवणाऱ्यानं सांगितलं होतं कागद नंतर करू. बसवायच्या आधी आरसीचं विचारा आणि नोंद झाली की इन्शुरन्सवाल्याला कळवा.

नागाळापार्क_काका | सकाळी ८:०२

शिरोली_फाटा यांनी अगदी योग्य लिहिलं. किटची किंमत पॉलिसीत वेगळी दाखवतात आणि त्या किमतीवर जास्तीचा प्रीमियम लागतो, जुन्या टॅरिफप्रमाणे किमतीच्या ४ टक्के, शिवाय थर्ड पार्टीसाठी (दुसऱ्याच्या नुकसानाचं कव्हर) ६० रुपये. म्हणजे ४०,००० च्या किटला १,६६० रुपये, वर कर.

शाहूपुरीकर ताई, रात्री तुमच्या ६,४०० बद्दल लिहायचं राहिलं. ऑइल, कूलंट, ग्रीस, नटबोल्ट, ब्रेक ऑइल, एसी गॅस यांना कन्झ्युमेबल म्हणतात. झिरो डेपमध्ये हे येत नाहीत, त्याचं अॅड-ऑन वेगळं असतं. तुमच्या पॉलिसीत ते नसेल तर तेवढे सोडून द्या, तिथं भांडण्यात अर्थ नाही. तुमची ताकद इंजिनच्या ३८,६०० वर लावा.

कागलची | सकाळी ९:२०

झिरो डेप म्हणजे सगळंच मिळतं असं मला एजंटनं सांगितलेलं. मग झिरो डेपनं नक्की मिळतं काय? कुणी उदाहरण देऊन सांगेल का, टक्केवारीचं काही कळत नाही

नागाळापार्क_काका | सकाळी ९:५५

घसारा कापला जात नाही, एवढंच त्याचं काम. झिरो डेप नसताना पार्ट बदलला की कंपनी जुना वजा करून पैसे देते. रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब, बॅटरी यांवर ५० टक्के कापतात, गाडी नवी असली तरी. फायबरवर ३० टक्के. काचेवर काही नाही. बाकी पार्टवर गाडीच्या वयाप्रमाणे, सहा महिन्यांपर्यंत शून्य, मग वर्षाच्या आत ५, दुसऱ्या वर्षात १०, तिसऱ्यात १५, चौथ्यात २५, पाचव्यात ३५, पाच ते दहा वर्षांत ४० आणि पुढे ५० टक्के.

आता समजा बंपर फुटला, प्लॅस्टिकचा, ८,००० चा. झिरो डेप नसेल तर ४,००० तुमचे. दरवाजाचा पत्रा १२,००० चा, गाडी साडेतीन वर्षांची, तर २५ टक्के म्हणजे ३,००० तुमचे. रंगाचं थोडं वेगळं असतं, बिल एकत्र असेल तर रंगाच्या एकूण खर्चाच्या चौथा हिस्सा मटेरियल धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. झिरो डेप असलं की हे कापलेले पैसे मिळतात. पण सक्तीची वजावट तरीही कापतातच, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये आणि त्याच्या वरच्याला २,०००. प्रीमियम कमी व्हावा म्हणून तुम्ही ऐच्छिक वजावट घेतली असेल तर ती आणखी वेगळी, कितीतरी लोकांना ती आपण घेतलीय हेच माहीत नसतं, ऑनलाइन घेताना टिक झालेली असते. शेड्यूलच्या, म्हणजे पॉलिसीचा तपशील दिलेल्या पानावर बघा. झिरो डेपचे वर्षात किती क्लेम चालतात तेही तिथंच असतं, बऱ्याच ठिकाणी दोन.

कागलची | सकाळी १०:१२

काका आता कळलं, थँक्यू. माझी खरी अडचण वेगळीच आहे. आम्ही एप्रिलमध्ये ओळखीतून जुनी गाडी घेतली. आरसी नावावर झाली. विकणाऱ्या दादांनी सांगितलं इन्शुरन्स फेब्रुवारीपर्यंत आहे, काळजी नको. पॉलिसी अजून त्यांच्याच नावावर आहे. काही होईल का?

नागाळापार्क_काका | सकाळी १०:४०

कागलची ताई, आज हे काम करा, उद्यावर टाकू नका. गाडी विकली गेली की थर्ड पार्टीचं कव्हर कायद्यानं नवीन मालकाकडं आलंय असं धरलं जातं, मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १५७ आहे त्यासाठी. पण ते फक्त दुसऱ्याच्या नुकसानापुरतं. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानाचं कव्हर आपोआप येत नाही, त्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. सुप्रीम कोर्टानं १९९६ मध्येच हे स्पष्ट केलंय. म्हणजे आज तुमच्या गाडीला ठोकलं तर समोरच्याला मिळेल, तुम्हाला कदाचित काहीच नाही. उशीर झाला तरी अर्ज करा, कंपनी गाडी तपासून नाव लावून देईल.

आणि त्या पॉलिसीत एनसीबी (नो क्लेम बोनस, क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) असेल तर तो जुन्या मालकाचा आहे, गाडीचा नाही. तेवढा फरक भरावा लागेल. तो भरा. न भरता क्लेमला गेलात तर चुकीची माहिती दिली म्हणून अडवतात.

कागलची | सकाळी १०:४४

बापरे. आत्ता मिस्टरांना फोन करते

गोकुळ_शिरगाव | दुपारी १:३०

एनसीबीचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका, कारण हा घोळ नवीन गाडीवाल्यांच्या बाबतीत नक्की होतो. २०१८ च्या सप्टेंबरपासून नवीन कार घेताना थर्ड पार्टी तीन वर्षांची घ्यावी लागते, सुप्रीम कोर्टाच्या आदेशानंतर. शोरूममध्ये मला पॉलिसी दिली, वर मोठ्या अक्षरात तीन वर्षांची तारीख. मी डोक्यात धरून बसलो की तीन वर्षं बघायला नको. त्यातलं ओन डॅमेज मात्र एकच वर्षाचं होतं, ते शेड्यूलमध्ये दुसऱ्या रकान्यात. वर्ष संपलं, रिमाइंडर आलेलं मेसेजच्या गर्दीत गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यात गगनबावड्याच्या घाटात कठड्याला घासलो. दोन दरवाजे आणि फेंडर. क्लेमला फोन केला तर पलीकडून सांगितलं सर तुमचं ओन डॅमेज पाच महिन्यांपूर्वी संपलंय. ३४,००० खिशातून गेले. वर ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला म्हणून एनसीबी पण शून्यावर. आपापल्या शेड्यूलवर दोन्ही तारखा बघा कृपया, दोन वेगळ्या असतात.

गिअर_पाचवा | दुपारी १:५१

माझी आत्ता बघितली. ओन डॅमेज पुढच्या महिन्यात २ तारखेला संपतंय, मला वाटत होतं अजून दीड वर्ष आहे. गोकुळ_शिरगाव भावा उपकार झाले. आणि काका, काल मी पटकन लिहून गेलो, बरं झालं तुम्ही नीट सांगितलं.

जोतिबा_रोड | दुपारी ३:०५

माझा प्रश्न खाजगी गाडीत भाडं घेण्याबद्दल आहे. आमच्या गल्लीतल्या एकाची सात सीटर आहे, पांढरी नंबर प्लेट, रविवारी जोतिबा, नरसोबाची वाडी, पन्हाळा अशा फेऱ्या मारतो, लोक डिझेल आणि वर थोडे पैसे देतात. त्याला अपघात झाला तर? मी त्याला सांगतोय पण तो ऐकत नाही

नागाळापार्क_काका | दुपारी ३:३३

ऐकायला लावा. खाजगी गाडीच्या पॉलिसीत वापराची मर्यादा स्पष्ट लिहिलेली असते. भाड्यानं किंवा मोबदल्यासाठी वापर, स्वतःच्या सामानाशिवाय माल वाहणं, शर्यत, हे बाहेर. भाडं घेतल्याचं सिद्ध झालं तर ओन डॅमेज अडकतं. जखमी प्रवाशांचं प्रकरण तर फार वाईट होतं, ट्रिब्युनलनं नुकसानभरपाई ठरवली आणि कंपनीनं अटीचा भंग दाखवला तर ती रक्कम शेवटी मालकाकडून वसूल होऊ शकते. घर-शेत जायची वेळ येते. आठवड्याला चार पैसे मिळतात म्हणून कुणी एवढा धोका घेऊ नये, मनापासून सांगतो.

त्याच ओळीत लायसन्सचं पण. गाडी कुणीही चालवत असेल, त्याच्याकडं त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं. आणि दारू प्यालेल्यानं चालवली तर ओन डॅमेज विसरा.

उद्यमनगर_मिस्त्री | दुपारी ४:१०

टायरचं पण सांगा काका, रोज एक गिऱ्हाईक येतं खड्ड्यात टायर फुटला म्हणून क्लेम करायचाय.

नागाळापार्क_काका | दुपारी ४:२८

नुसता टायर गेला तर नाही. त्याच अपघातात गाडीचं पण नुकसान झालं असेल तरच टायर धरतात, तेव्हासुद्धा ५० टक्के. टायरचं स्वतंत्र अॅड-ऑन मिळतं.

आणि छोट्या क्लेमच्या आधी हिशोब करा. एनसीबी पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. समजा तुमच्या ओन डॅमेजचा प्रीमियम ८,००० आहे आणि ५० टक्क्यांवर पोचलाय. ३,००० चा क्लेम केलात, १,००० वजावट गेली, हातात २,००० आणि पुढच्या वर्षी ४,००० ची सूट गेली, वर पुन्हा पायरीपायरीनं चढायचं. बंपरच्या ओरखड्यासाठी हे करू नका.

शाहूपुरीकर | संध्याकाळी ७:५०

आजचा अपडेट. मेल पाठवला, काकांनी सांगितलं तसाच. पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग सोसायटीच्या अध्यक्षांकडून मिळालं, पहाटे ४:२० ला पाणी गेटमधून आत येतंय आणि गाडी अंधारात तशीच उभी, लाइट लागलेला नाही, दार उघडलेलं नाही. नऊपर्यंत सगळं दिसतंय, नंतर वीज गेली. बाबांनी मला परत परत लावायला सांगितलं ते. सर्व्हिस सेंटरच्या माणसानं फोनवर कबूल केलं की ओळ त्यानं अंदाजानं लिहिली, पण लेखी द्यायला तयार नाही. सर्व्हेअर म्हणाले मंगळवारी येतो, माझ्यासमोर खोला.

आता समजा तरीही नाही म्हणाले तर पुढं काय?

नागाळापार्क_काका | रात्री ८:२०

तर आधी सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार, आणि तीच आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था) बीमा भरोसा पोर्टलवर पण टाका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्या भागासाठी पुण्याचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे बघतात. कंपनीनं नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता पण आहे, पण एकाच वेळी दोन्हीकडं चालत नाही. तुमच्याकडं व्हिडिओ आहे, मला नाही वाटत तिथवर जावं लागेल.

बावड्याचा_पाहुणा | रात्री ९:०५

इंजिन प्रोटेक्ट मग घ्यायचं की नाही? बावड्यात राहतो, दर पावसाळ्यात रस्त्यावर पाणी असतंच

उद्यमनगर_मिस्त्री | रात्री ९:२२

बावड्यात राहून विचारताय व्हय. घ्या की. उभ्या गाडीचं प्रकरण वेगळं, पण माणूस ऑफिसला निघतो, पुढची गाडी गेली म्हणून आपण पण घालतो, मधी बंद पडती आणि हात आपोआप चावीवर जातो. पाण्यात बंद पडली की चावीवरचा हात काढायचा, उतरायचं, ढकलत बाजूला घ्यायची. इंजिन प्रोटेक्टच्या पण अटी असतात, काही कंपन्या म्हणतात बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा सेल मारला तर देणार न्हाई. वाचून घ्या.

नागाळापार्क_काका | रात्री ९:४०

मिस्त्रींशी पूर्ण सहमत. घेताना अॅड-ऑनचं नाव बघू नका, त्याचा मजकूर मागा, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. २०२४ पासून पॉलिसीसोबत ग्राहक माहिती पत्रक द्यायला सांगितलंय, त्यात काय कव्हर आहे आणि काय नाही हे सोप्या शब्दांत असतं. ते आलं नसेल तर मागून घ्या. मराठीत मागायला लाजू नका.

शाहूपुरीकर | मंगळवार, दुपारी २:३५

आत्ताच सर्व्हिस सेंटरमधून आले, उभ्याउभ्याच टाइप करतेय. एअर फिल्टरचा डबा उघडला, आतून कोरडा, नुसती धूळ. सर्व्हेअरनी स्वतः बोट फिरवून बघितलं. मग हेड काढलं. तीन सिलेंडर स्वच्छ आणि एकात भिंतीवर बारीक तांबूस रेषा, मिस्त्री दादांनी लिहिलं होतं अगदी तश्शी. रॉड चारही बाहेर काढून टेबलावर ठेवले, त्यांनी पट्टी लावून बघितली, सगळे सरळ. बाबा शेजारी हात मागं बांधून उभे होते, काही बोलले नाहीत. सर्व्हेअर फोटो काढून म्हणाले, गाडी चालू केलेली नाही, मी तसं लिहितो.

उद्यमनगर_मिस्त्री | दुपारी २:४१

झालं की मग! गंजाची रेष हातानं जात असंल तर होनिंग करून, म्हंजे सिलेंडरची भिंत आतनं घासून भागंल, नवीन ब्लॉक घालायला निघाले तर नको म्हणा.

शाहूपुरीकर | पुढचा मंगळवार, रात्री ८:१५

दादा तुम्ही म्हणालात तेच केलं, ब्लॉक बदलला नाही. इंजिनचं काम ३८,६०० ऐवजी २७,२०० मध्ये झालं. फायनल बिल १,२६,६००. कंपनीनं १,१९,२०० मंजूर केले. आमचे गेले ७,४००, त्यात ६,४०० ऑइल वगैरेचे आणि १,००० वजावट. म्हणजे काका जे म्हणाले होते ते आणि तेवढंच.

गाडी आज घरी आली. बाबांनी रिन्यूअलसाठी आत्तापासूनच कागद काढून ठेवलेत, चष्मा लावून प्रत्येक ओळ वाचतायत आणि मला हाक मारून विचारतायत. त्यांचा एक प्रश्न आहे काका, मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा ते त्यांच्या स्कूटरच्या पॉलिसीत पण भरतात आणि कारच्या पण. दोन्हीकडं लागतो का?

नागाळापार्क_काका | रात्री ८:५०

नाही. तो माणसाचा विमा आहे, गाडीचा नाही. एका ठिकाणी चालू असला की दुसऱ्या पॉलिसीत पुन्हा घ्यायची सक्ती नाही, तसं लिहून द्यायचं. २०१९ पासून तो वेगळा पण घेता येतो. फक्त ज्या पॉलिसीत ठेवाल तिची तारीख आधी संपत नाही ना, ते बघून मग दुसरीकडचा काढायला सांगा त्यांना.

शाहूपुरीकर | रात्री ८:५८

सांगितलं. स्कूटरची पॉलिसी शोधायला गेलेत.